लग्नाला फोटोग्राफर किती हवेत?

प्रश्न : माझ्या मुलीचं लग्न डिसेंबरात कराडला, मंगल कार्यालयात आहे. पावणेचारशे पाहुणे, मुहूर्त दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा, हळद आदल्या दिवशी घरी. फोटोवाल्याने 1 लाख 85 हजारांचं पॅकेज सांगितलंय : प्री-वेडिंग, दोन ट्रॅडिशनल फोटोग्राफर, दोन कँडिड (म्हणजे नकळत टिपणारे), व्हिडिओ, ड्रोन, एलईडी वॉल. आमचे हे म्हणतात, एक फोटोग्राफर पुरे. मुलगी म्हणते, लग्न एकदाच होतं. मला दोघांचंही पटतं. नक्की किती घ्यावं?
– एक वधूमाता, कराड

उत्तर : ताई, पॅकेजचा कागद बाजूला ठेवा आणि आधी तुमच्या गुरुजींना फोन करा. कोणता विधी किती वाजता, कुठे आणि जेवणाआधी की जेवणानंतर, एवढं लिहून घ्या. मी लग्नाच्या ऑर्डरी करते आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला पहिल्यांदा हेच विचारते. कारण बहुतेक पॅकेज आठ तासांचं असतं आणि ते घड्याळ नवरीच्या मेकअपला, सकाळी सातलाच सुरू होतं. म्हणजे तीनला तास संपले. तुमचा लाजाहोम, सप्तपदी, सूनमुख, झाल, पाठवणी हे सगळं जेवणं आटोपल्यावर. तेव्हा एकतर ओव्हरटाइम लागतो किंवा टीम सामान आवरायला घेते. मेकअपचे तीन तास कोणी अल्बममध्ये लावत नाही. मुंडावळ्या बांधताना फोटोग्राफर आला तरी चालतो. टीमला साडेनऊला बोलवा आणि पाठवणीपर्यंत थांबवा.

आता माणसं. लग्नाच्या दिवशी दोन फोटोग्राफर आणि एक व्हिडिओवाला घ्या, हळदीला एकच, दोन-तीन तास. दोन का, ते सांगते. अंतरपाटाच्या एका बाजूला उभ्या राहिलेल्याला दुसरी बाजू दिसतच नाही. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट ओढला जातो, वाजंत्री कडाडते, अक्षतांचा मारा होतो आणि हार घालायच्या आत पुढच्या दोन रांगा बोहल्यावर चढलेल्या असतात. दोघं एकमेकांकडे बघतात ते जेमतेम दोन-तीन सेकंद. एकट्या माणसाला नवरा मिळेल किंवा नवरी. तुमच्या यजमानांना एवढं समजावून सांगा, त्यांना पटेल. कानपिळीचंही तसंच : भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, सगळे हसतात, आणि होमाच्या धुरात एकच कॅमेरा नेमका चुकीच्या बाजूला असतो.

तुमच्याकडे मंगलाष्टकांच्या वेळी मुलीच्या आईने तुळशीला पाणी घालायची पद्धत आहे का? असेल तर तेवढा वेळ सगळे कॅमेरे बोहल्याकडे आणि तुमच्याजवळ कोणीच नाही. हे मला फार लागतं. लग्नासाठी सगळ्यात जास्त राबलेली बाई त्या वेळच्या एकाही फोटोत नसते. हे काम एखाद्या भाचीकडे द्या, चांगला मोबाइल पुरतो. फक्त तिला आधीच बजावून ठेवा, नाहीतर तीही अक्षता टाकायला पळते.

ग्रुप फोटोंची यादी घरीच करा. आजी-आजोबा, आत्या, मामांकडचे, माहेरचे सगळे. रिसेप्शनच्या रांगेत हे जमत नाही, पाकिटं देणारे थांबत नाहीत. मुहूर्ताआधी तासभर ठेवा आणि माणसं ओळखणारा घरातलाच एक जण हाका मारायला द्या. थकलेल्या आजीला स्टेजच्या पायऱ्या चढायला लावू नका, फोटोग्राफरला त्यांच्या खुर्चीपाशी न्या.

ड्रोन काढून टाका. बंद कार्यालयात त्याला काही काम नाही. एलईडी वॉल मोठ्या लॉनवर मागच्यांना मुहूर्त दिसावा म्हणून ठीक. पावणेचारशे माणसांना बोहलं तसंही दिसतं. प्री-वेडिंगची मुलीला मनापासून हौस असेल तर सकाळी तासभर तुमच्या कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर करा, त्यासाठी भाड्याचे गाऊन घेऊन लोणावळा गाठायला नको.

मुलाकडचे त्यांचा फोटोग्राफर आणणार आहेत का, हे विहीणबाईंना आत्ताच विचारा. दोन टीम आल्या की बोहल्यावर पाठीच जास्त दिसतात. शक्य असेल तर एकच टीम ठरवा, खर्च निम्मा वाटून घ्या आणि फोटो दोन्ही घरांना द्यायला सांगा. त्यांचा आग्रहच असेल, तर अंतरपाटाची कोणती बाजू कोणाची, हे दोन्ही टीमना आदल्या दिवशीच सांगून टाका.

फोटोवाल्याकडून लिहून घ्या : स्वतः कोण येणार, पाठवणीपर्यंत थांबणार का, त्याच रात्री फोटोंच्या दोन प्रती होणार का, अल्बम कधी मिळणार. शेवटचा हप्ता अल्बम हातात आल्यावर द्या. पण तुमच्याकडूनही उशीर नको. हजारो फोटोंतून अल्बमला शेवटी दीडशे-दोनशेच लागतात आणि ते निवडून न दिल्यामुळे कित्येक अल्बम वर्षभर रखडलेले मी बघते. मुलगी सासरहून पहिल्यांदा राहायला आली की दोघी एक दुपार बसा आणि निवडून टाका.