तिन्ही रक्तवाहिन्यांत अडथळे असतील, तर सगळे स्टेंट एकाच वेळी टाकून घ्यावेत का?

आपण लिहिले आहे की निफाडला राहणाऱ्या आपल्या ६४ वर्षांच्या वडिलांना जुना मधुमेह आहे, चढ चढताना छाती भरून येते पण झटका आलेला नाही, आणि नाशिकमध्ये अँजिओग्राफी झाल्यावर तिन्ही मुख्य रक्तवाहिन्यांत उद्याच स्टेंट टाकू, असे सांगण्यात आले आहे. मी नाशिकमधल्या एका कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी आणि स्टेंटचे काम होते त्या विभागात, तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही. तरीही उद्याची घाई करू नये, असे मला मनापासून वाटते.

झटका आलेल्या रुग्णाची गोष्ट वेगळी असते. तिथे बंद पडलेली रक्तवाहिनी तातडीने उघडावीच लागते, आणि उरलेले मोठे अडथळेही पुढे काही आठवड्यांत उघडल्यास पुन्हा झटका येण्याचा धोका घटतो, असे २०१९ च्या कम्प्लीट या चाचणीत दिसले. आपल्या वडिलांची स्थिती मात्र स्थिर दिसते. शिवाय मधुमेह आणि अनेक रक्तवाहिन्यांत अडथळे असलेल्या रुग्णांमध्ये स्टेंटपेक्षा बायपासनंतर मृत्यू आणि झटके कमी झाले, पक्षाघात मात्र थोडे अधिक झाले, हा २०१२ च्या फ्रीडम चाचणीचा निष्कर्ष आहे. म्हणून अँजिओग्राफीची सीडी आधी एखाद्या हृदयशल्यविशारदाला दाखवा आणि सिंटॅक्स स्कोअर, म्हणजे अडथळे किती आणि किती गुंतागुंतीचे आहेत हे सांगणारा आकडा, किती आहे, हेही विचारा.

स्टेंटच टाकायचे ठरले, तरी प्रत्येक अडथळ्याला स्टेंट लागतोच असे नाही. शंका असेल तेव्हा दाब मोजणारी बारीक तार अडथळ्याच्या पलीकडे सरकवतात, औषध देऊन रक्तप्रवाह वाढवतात आणि पलीकडचा व अलीकडचा दाब यांचे गुणोत्तर पडद्यावर पाहतात, ते ०.८० किंवा त्याहून कमी आले, तर अडथळा खरोखर प्रवाह अडवतो असे मानतात. चित्रात ७० टक्के भासणारा अडथळा ०.८८ दाखवतो आणि तिथला स्टेंट टळतो, हे मी टेबलाशेजारी उभे राहून पाहिले आहे.

मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्टही पाहून घ्या. तिन्ही रक्तवाहिन्यांचे काम एकदम केले की डाय, म्हणजे रक्तवाहिन्या पडद्यावर दिसाव्यात म्हणून सोडतात ते द्रव्य, जास्त लागतो आणि तो मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो. मूत्रपिंडे आधीच कमजोर असतील, तर टप्प्याटप्प्याने करणे बरे.

सुरू असलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. बसल्याजागी छातीत दुखू लागले किंवा दरदरून घाम फुटला, तर मात्र दुसऱ्या मतासाठी न थांबता थेट जवळचे रुग्णालय गाठा.