‘एनीथिंग इज फाइन’ लिहिणाऱ्यास

अरे,

तुझा सीक्रेट सांताचा, म्हणजे चिठ्ठी उचलून एकमेकांना गुपचूप भेट द्यायच्या खेळाचा, फॉर्म मी परत पाठवला त्याचा तुला राग आलाय हे काल कँटीनमध्ये कळलं. एचआरवाली मुलगीपण म्हणाली, सर, फॉर्म तपासणं तुमचं काम नाहीये. नसेल. पण आवडीच्या रकान्यात ‘मूव्हीज, म्युझिक, ट्रॅव्हल’ आणि त्याखाली ‘एनीथिंग इज फाइन’ वाचून डोक्यात तिडीकच गेली, कारण हे लिहिणारा प्राणी मला माहितीये ना.

लोणावळ्याच्या आउटिंगला गाडी कर्जतला थांबली, सगळे वडापाववर तुटून पडले आणि तू प्लॅटफॉर्मच्या मागच्या टोकाला पळालास, बँकर इंजिनं लागताना बघायला. परत येऊन धापा टाकत सांगत होतास की घाटात सदतीस मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते, पुढच्या इंजिनाला एकट्याला ते झेपत नाही म्हणून मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. आणि १ जूनला दाढदुखीची सुट्टी टाकून पुणे स्टेशनवर डेक्कन क्वीनच्या वाढदिवसाला गेला होतास, १९३० सालच्या गाडीचा केक खायला! आणि हा मुलगा लिहितो ‘ट्रॅव्हल’.

म्हणे लोक हसतील. हसू देत की. म्हणे नेमकं लिहिलं तर मागितल्यासारखं वाटतं. अरे बाबा, तुझी चिठ्ठी ज्याला येईल तो रात्री अकरा वाजता पाचशे रुपयांत ‘ट्रॅव्हल’ कुठे मिळतं ते शोधत बसणार आणि शेवटी वैतागून मानेची उशी घेणार. ‘काहीही चालेल’ हा नम्रपणा नाही, आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर टाकणं आहे. नेमकं लिही.

मी स्वतः अकरा वर्षं ‘वाचन’ लिहिलं. सात कॉफीचे मग आले, दोन डायऱ्या आणि यशस्वी कसं व्हावं याची दोन पुस्तकं, त्यातलं एक तर दोनदा पाहिलंय मी, दुसऱ्याच्या टेबलावर. खरं वेड शाईच्या पेनांचं, घरी खणात नऊ दौती आहेत, पण या वयात काय सांगायचं म्हणून गप्प. मग ऑफिसात आमच्याच रांगेत बसणारे एक जण रिटायर झाले. निरोपाच्या कार्डावर आभाराच्या दोन ओळी लिहायला त्यांनी खिशातून पेन काढलं आणि मी बघतच राहिलो, निबचं टोक घरी घासून सपाट केलेलं, उभी रेघ जाड, आडवी बारीक. नऊ वर्षं आमच्या खुर्च्यांमध्ये चार फूट अंतर होतं रे! त्यांच्याही फॉर्मवर ‘वाचन’च असायचं. म्हणून पाठवला तुझा फॉर्म परत, आणि पुन्हा पाठवीन, एचआरला काय सांगायचं ते सांगू दे.

आता नुसतं ‘ट्रेन्स’ लिहून मोकळा होऊ नकोस, चावीची आगगाडी येईल आणि मग मलाच बोलशील. लिही की मध्य रेल्वेचं जुनं छापील टाइमटेबल, २००० च्या आधीचं, रद्दीतलं, फाटकं असलं तरी चालेल. दोनशेच्या आत काम होईल आणि शोधणाऱ्यालाही मजा येईल.

गुरुवारी संध्याकाळी सहाला फॉर्म बंद होतोय. माझा मी या वेळी नीट भरलाय, निळी शाई नको, तिच्याच चार दौती घरी पडून आहेत.