एकाच यादीत दोन दुखणी: जुन्या एक्सेलमधली मराठी नावं

तुम्ही लिहिलंत, तुमच्या वडिलांच्या संगणकावर विंडोज एक्सपी आणि एक्सेल २००३ आहे. सोसायटीच्या यादीत जुनी नावं इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतात, आणि मुलीच्या ईमेलमधून चिकटवलेली नवी नावं नुसते चौकोन. तुम्ही तोच फॉन्ट तीनदा टाकून पाहिलात म्हणता. तीसदा टाकलात तरी एका फॉन्टने दोन्ही सुधारणार नाहीत, कारण ही दोन वेगळी दुखणी आहेत.

नाव असलेल्या घरावर (सेलवर) क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये पाहा. तिथे रोमन अक्षरं असतील तर नाव कृती देवसारख्या जुन्या फॉन्टमधलं. चौकोन किंवा देवनागरी असेल तर युनिकोड, म्हणजे फाइलमधे खरीच देवनागरी अक्षरं.

चौकोनांचं सोपं आहे. कंट्रोल पॅनेलमधे रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, तिथे लँग्वेजेस टॅब, आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' असं लिहिलेल्या पहिल्या चौकटीत खूण. विंडोजची सीडी मागेल, ती शोधून ठेवा. रीस्टार्ट केल्यावर मंगल हा विंडोजचा देवनागरी फॉन्ट आपोआप येतो. हे न करता कुठूनतरी देवनागरी फॉन्ट आणून टाकलात तर अक्षरं दिसतील, पण पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसेल आणि जोडाक्षरांचे पाय मोडतील.

आता कृती देव. त्यात 'पाटील' म्हणजे फाइलमधे प्रत्यक्षात आय, के, व्ही, एच, वाय ही अक्षरं. फॉन्ट फक्त त्यांना मराठी मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो. एक्सेल बंद करून फॉन्टची फाइल विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधे टाका, मग एक्सेल उघडून त्या रकान्याला तोच फॉन्ट द्या. नावं परत येतील.

येतील, पण सगळी नाहीत. कृती देवमधे 'श' ची सुरुवात एकेरी अवतरणचिन्हाने होते, आणि घराच्या सुरुवातीचं ते चिन्ह एक्सेल गिळतं. 'शरद' चा होतो 'ारद'. ते चिन्ह दोनदा टाइप करायचं. 'ध' तिरप्या रेघेने (/) सुरू होतो. 'धनगर' लिहायला गेलात की थेट मेनू उघडतो. आधी एफ२ दाबा, मग लिहा. आणि 'त्र' म्हणजे बरोबरचं चिन्ह! आमच्या यादीत 'त्रैमासिक' हा मथळा सूत्र समजून एक्सेलने चूक दाखवली, आणि ती चूकही कृती देवमधेच उमटल्याने कोणाला वाचता येईना. असा मथळा लिहिण्याआधी घराला टेक्स्ट फॉरमॅट द्या.

अकारविल्हे मात्र विसरा. क्रम रोमन अक्षरांनी लागतो: कदम, लिमये, पाटील, जोशी. लिमयांची वेलांटी आधी टाइप होते ना, म्हणून ते दुसरे.

वर्गणीची यादी दरवर्षी लागणार असेल तर फाइलची प्रत ठेवून कृती देवमधल्या नावांचा रकाना कन्व्हर्टरमधून (अक्षरं बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधून) युनिकोडमधे आणा आणि फॉन्ट मंगल करा. त्याआधी 'श' ने सुरू होणारी नावं डोळ्यांनी तपासा. गिळलेलं चिन्ह कन्व्हर्टर परत आणत नाही. मंगल उंच आहे, मात्रा कापल्या गेल्या तर फॉरमॅट, रो, ऑटोफिट.