'पुट ऑफ' : लिलाव पुढे गेला की रद्द झाला?

नंदुरबारहून प्रश्न आला आहे : 'द चिली ऑक्शन हॅज बीन पुट ऑफ' म्हणजे पावसामुळे मिरचीचा लिलाव रद्द झाला का?

नाही, लिलाव पुढे गेला. रद्द झाला असता तर 'कॉल्ड ऑफ' म्हटलं असतं. नवा दिवस 'टिल' किंवा 'अनटिल' लावून सांगतात : 'पुट ऑफ टिल मंडे', म्हणजे आता सोमवारी.

या क्रियापदाचा अर्थ लावताना आधी कर्म पाहावं. ते काम आहे की माणूस?

काम असेल तर अर्थ पुढे ढकलणं, लांबणीवर टाकणं. 'पोस्टपोन' कागदोपत्री शोभतं, 'पुट ऑफ' बोलण्यातलं. कर्ता स्वतःचंच काम ढकलत असेल तर त्यात चालढकलीची छटा येते : 'ही कीप्स पुटिंग ऑफ गोइंग टु द डेंटिस्ट.' इथे 'पुट ऑफ टु गो' चुकीचं. मराठीत 'जायचं टाळतो' म्हणतो, म्हणून हात आपोआप 'टु गो'कडे वळतो. पण पुढचं क्रियापद 'इंग' लावूनच येतं. दुसरी चूक सर्वनामाची. 'पुट ऑफ द ऑक्शन' आणि 'पुट द ऑक्शन ऑफ' दोन्ही बरोबर, मात्र 'इट' आलं की ते मध्येच बसतं : 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' कधीच नाही. भूतकाळातही रूप 'पुट'च राहतं, त्यामुळे 'दे पुट इट ऑफ' हे आजचं की कालचं, ते संदर्भावरूनच कळतं.

कर्म माणूस असेल तर अर्थ पार बदलतो. 'द ट्रेडर पुट हिम ऑफ विथ प्रॉमिसेस' : व्यापाऱ्याने पैसे न देता नुसत्या वायद्यांवर बोळवण केली. 'द चिली पुट देम ऑफ शेवभाजी' : तिखटामुळे शेवभाजीवरून त्यांचं मनच उडालं. यावरूनच 'ऑफ-पुटिंग' हे विशेषण आलं, मन विटवणारं अशा अर्थाचं. ब्रिटिश बोलीत आणखी एक अर्थ आहे, लक्ष विचलित करणं : 'द नॉइज पुट द बॅट्समन ऑफ.'

'पुट ऑफ द लाइट' आपल्याकडे सर्रास म्हणतात. इंग्रजांना ते समजतं, पण ते स्वतः बहुधा 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' म्हणतील. परीक्षेत तेच लिहावं.