गोळी जावेची, दिवस तुझे

'ताई, वय २६, लग्नाला तीन वर्षं झाली. पाळी ३५ दिवसांनी येते. जावेला प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूलवर दिवस गेले, म्हणून तिच्याच चिठ्ठीवर मीही दोन महिने १४ व्या दिवसापासून त्या घेतल्या. दिवस गेले नाहीत, उलट पाळी लांबली. सासूबाई म्हणतात, गरमी झाली. माझं काय चुकलं?' (यवतमाळ जिल्हा)

माय, गरमीचा इथे काही संबंध नाही. चिठ्ठी दुसरीची होती, एवढंच चुकलं.

अंडं फुटून बाहेर पडलं की त्या जागी पिवळी गाठ तयार होते, ती प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन बनवते. म्हणजे आधी अंडं फुटणार, मग प्रोजेस्टेरॉन वाढणार. तू आधीच बाहेरून दिलंस, तर अंडं फोडणारा मेंदूचा निरोपच अडू शकतो. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी येणारं पातळ पाणी घट्ट होतं आणि शुक्राणूंना वाट मिळत नाही. महालक्ष्म्यांच्या वेळी पाळी पुढे ढकलायला बाया मेडिकलमधून गोळी आणतात ना, ती याच कुळातली. तुझी पाळी लांबली तीही त्यामुळेच असेल.

भिंतीवरचं कॅलेंडर काढ. अंडं फुटायचा १४ वा दिवस हा २८ दिवसांनी पाळी येणारीचा. आपण पुढच्या पाळीच्या तारखेपासून साधारण १४ दिवस मागे मोजायचे. तुझा दिवस २१ वा निघतो, म्हणजे तू आठवडाभर आधी सुरुवात केलीस! त्या सुमारास अंगावरून जाणारं पाणी बोटांत धरून बघ. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं असतं, ताणलं तरी लवकर तुटत नाही. कापूस वेचणीत कंबर मोडत असताना असल्या गोष्टींकडे लक्ष राहत नाही, हे मी जाणते. तरी दोन महिने बघच. अंडं फुटलं का हे पाहणारी रक्ताची तपासणी '२१ व्या दिवशी' म्हणून सांगतात. तुझी मात्र २८ व्या दिवसाच्या आसपास व्हायला हवी.

जावेची कॅप्सूल आता घेऊ नकोस. तुला ती लागते का, हे तुला तपासूनच ठरेल.

आणि एक गोष्ट मनाला फार लागली. अख्ख्या पत्रात नवऱ्याच्या तपासणीचा एक शब्द नाही. वीर्याची तपासणी साधी असते, सुई नाही की दुखणं नाही. ती आधी होऊ दे. तालुक्याला दोघं मिळून जा. मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा कागदावर लिहून ने, डॉक्टर पहिलं तेच विचारतील.