सोनोग्राफीचं सेंटर नंतर बघू भाऊ, आधी पोरीला विचारलंत का?

भाऊ, नमस्कार. पत्र मिळालं, चार पानी, दोनदा वाचलं. बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. हे रावेर तालुक्यातले केळीवाले शेतकरी, मुलगी बारावी सायन्स होऊन दोन वर्षं झाली, पीसीबीला ७४ टक्के, नीट दोनदा दिली, आधी २८७ मग ३४१, मधलं एक वर्ष लातूरला क्लासला ठेवली होती, एमबीबीएस काही लागत नाही. आता घरात ठरलंय की तिने "रेडिओलॉजी" करायची. जळगावात एका एजंटने एक वर्षाचा "एक्सरे आणि सोनोग्राफी टेक्निशियन" डिप्लोमा सांगितलाय, फी ८० हजार, नोकरी शंभर टक्के. शिवाय बसस्टँडजवळ यांचा गाळा रिकामा आहे, मेहुणे मशीन घालून देणार आणि पोरगी सेंटर चालवणार. आईला धास्ती की किरणांनी पुढे मूलबाळ होणार नाही, लग्न अडेल. आणि प्रश्न काय तर, एक वर्षाचा कोर्स करू का तीन वर्षांचा.

सांगते. पण त्याआधी एक बोलू का, राग मानू नका. चार पानांत मार्क तीनदा आलेत, गाळ्याचं माप आलंय (१० बाय १४), मेहुण्यांचं नाव आलंय, एजंटचं नाव आलंय, आणि मुलीचं नाव एकदाही नाही. "पोरगी", "ती", "तिला". तिला काय वाटतं यावर एकच ओळ आहे, "तिचं काही म्हणणं नाही, आम्ही म्हणू ते करील." भाऊ, दोन वर्षं रोज हरल्यासारखं वाटणाऱ्या मुलीचं म्हणणं असं पटकन बाहेर येत नाही हो. तिला आता कुठलंही उत्तर दिलं तर चुकणारच असं वाटत असतं, म्हणून ती गप्प बसते आणि आपण त्याला होकार समजतो.

हे मी हवेत बोलत नाहीये. तुम्ही शेवटचं पान तिच्या जुन्या वहीतून फाडून घेतलंय, तुमच्या लक्षात आलं नसेल. मागच्या बाजूला तिच्या अक्षरात टाइमटेबल आहे. साडेचारला उठणे, पाच ते सात बायो, मग क्लास, रात्री साडेअकरापर्यंत फिजिक्सची गणितं. आणि प्रत्येक दिवसाच्या पुढे बारीक अक्षरात एकच वाक्य, "आज नाही झालं, उद्या करेन." अकरा दिवसांचं टाइमटेबल आहे, अकरा वेळा लिहिलंय. शेवटच्या दोन दिवसांत तर "उद्या करेन" पण नाहीये, नुसतं "आज नाही झालं". ते वाचल्यावर मी चहा तसाच ठेवला, खरं सांगते. तुमच्या ८० हजारांच्या प्रश्नाकडे यायला मला दोन दिवस लागले ते त्यामुळे.

लातूरला दीड लाख गेले असं तुम्ही दोन ठिकाणी लिहिलंय. गेले, कबूल आहे, केळीचा भाव पडला त्याच वर्षी गेले हेही कबूल. पण ते पैसे तिच्यावर उधारी नाहीयेत. आणि तिसरा ड्रॉप घेऊ का असं बारीक अक्षरात खाली विचारलंय, त्याचं उत्तर "नाही" असं आहे. नको. तिने स्वतःहून येऊन मागितला तर विचार करू, तुमच्याकडून नको.

आता तुमचा मोठा गैरसमज. रेडिओलॉजिस्ट वेगळा आणि रेडिओलॉजी टेक्नॉलॉजिस्ट वेगळा. रेडिओलॉजिस्ट म्हणजे डॉक्टर, आधी एमबीबीएस आणि त्यावर रेडिओलॉजीचं पीजी, फोटो बघून रिपोर्ट लिहितो आणि सही करतो तो. टेक्नॉलॉजिस्ट फोटो काढतो, म्हणजे एक्सरे, सीटी, एमआरआय ही मशीन चालवतो. हा कोर्स म्हणजे डॉक्टर व्हायची मागची गल्ली नाही, या गल्लीतून तिकडे रस्ताच निघत नाही. आणि सोनोग्राफी तर यात मुळीच बसत नाही. परदेशात टेक्निशियन सोनोग्राफी करतात, आपल्याकडे गर्भलिंग निदानाच्या विरोधातला १९९४ चा कायदा आहे, पीसीपीएनडीटी म्हणतात तो, त्यात प्रोब, म्हणजे पोटावरून फिरवतात तो सोनोग्राफीचा दांडा, हातात धरायचा अधिकार ठरावीक शिक्षण झालेल्या डॉक्टरलाच, मशीनची नोंदणी लागते, प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म भरावा लागतो, आणि मोडला तर पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. हा कायदा एवढा कडक का, ते आपल्या जिल्ह्याने तरी विचारू नये. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे जळगाव जिल्ह्यात ८४२ मुली होत्या. म्हणजे मेहुणे मशीन आणतील, गाळा तुमचा, आणि छापा पडला की नाव कुणाचं, तर पोरीचं. एजंटला हे माहीत नाही असं मला अजिबात वाटत नाही. जो माणूस बारावीच्या मुलीला "सोनोग्राफी टेक्निशियन" करून देतो म्हणतो त्याच्याकडे परत जाऊ नका, ॲडव्हान्स दिला असेल तर पावती दाखवून मागा.

एक वर्षाचं म्हणाल तर २०२१ मध्ये केंद्राने पॅरामेडिकलवाल्यांसाठी नवा कायदा केलाय, त्यात डिप्लोमा झाला तरी किमान २००० तास आणि ते दोन ते चार वर्षांत पसरलेले असं लिहिलंय. शनिवार-रविवार क्लासवाले सर्टिफिकेट त्यात कुठे बसणार. सरळ रस्ता म्हणजे नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी, तीन वर्षं आणि वरती एक वर्ष इंटर्नशिप, किंवा मान्यताप्राप्त कॉलेजची रेडिओलॉजीची बीएस्सी. प्रवेशाचे नियम दरवर्षी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघायचे, कुणाच्या तोंडचे ऐकायचे नाहीत. जळगाव, धुळे आणि आता नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत सरकारी मेडिकल कॉलेज आहे, चौकशी तिथे जाऊन करा, एजंटच्या ऑफिसात नाही. पगाराचं आत्ताच सांगून ठेवते, छोट्या गावात सुरुवातीला बेताचाच मिळतो, सीटी-एमआरआयचा हात बसला की मग बरं होतं.

वहिनींना माझा निरोप द्या. त्यांची भीती येडेपणाची नाही, किरण वाईटच असतात, म्हणून तर नियम आहेत. पण एक्सरेचं मशीन म्हणजे घरातला बल्ब समजा, बटण सोडलं की उजेड संपला, खोलीत साठून राहत नाही. टेक्नॉलॉजिस्ट शिशाच्या काचेच्या किंवा भिंतीच्या आड उभा राहून बटण दाबतो. छातीवर टीएलडी नावाचा बॅज लावतात, तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो आणि किती किरण लागले त्याचा हिशोब येतो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे, पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगाला लागलेले किरण मोजायचं माप), कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. बाईने गरोदर असल्याचं कळवलं की पोटातल्या बाळासाठी वेगळी मर्यादा, उरलेल्या दिवसांत १ मिलिसिव्हर्ट, म्हणजे साध्या माणसाला वर्षाची आहे तेवढीच, आणि त्याप्रमाणे ड्यूटी बदलून देतात. एमआरआयमध्ये तर हे किरण नसतातच. तेव्हा मूल होणार नाही हे डोक्यातून काढा. हां, जिथे बॅज देत नाहीत आणि "काही होत नाही गं" म्हणतात तिथे मात्र एक दिवस काम करायचं नाही. आणि या कामावरून जो मुलगा लग्नाला नाही म्हणेल त्याचं नाही म्हणणं बरंच झालं, माझं स्पष्ट मत आहे.

पण हे सगळं झालं नियमाचं. काम काय असतं ते तुम्ही बघितलंय का? "बटण दाबायचं काम, एसीत बसून" असं लिहिलंय तुम्ही. एसी खरा आहे, आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीला त्या खोलीत गार वाटतं, पण तो एसी मशीनसाठी असतो, माणसासाठी नाही.

माझ्या सासूबाई अमळनेरला न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड. आधी जवळच्याच एका ठिकाणी नेलं, नाव नको, तिथे कंपाउंडरच एक्सरे काढत होता, तीनदा काढला, तिन्ही वेळा अर्धाच खुबा आला आणि प्रत्येक वेळी म्हातारीला ओढून सरकवलं, ती ओरडत होती ते अजून कानात आहे. मग रात्री दुसरीकडे नेलं. तिथे पंचवीस-सव्वीसची मुलगी होती नाइटला. तिने आधी स्ट्रेचरवरचं बेडशीटच चार कोपऱ्यांना धरायला लावलं आणि शीटसकट उचलून टेबलावर घेतलं, अंगाला हात न लावता. मला लेड ॲप्रन, म्हणजे किरण अडवणारा शिशाचा झगा दिला, चांगला जड असतो तो, आणि विचारलं की तुम्ही प्रेग्नंट नाही ना. पन्नाशीच्या बाईला! मी हसले, ती नाही हसली, म्हणाली विचारावंच लागतं काकू. समोरून एक फोटो झाला. मग बाजूचा, तर मोडलेला पाय हलवायचाच नाही म्हणून तिने चांगला पाय उचलून माझ्या हातात धरायला दिला, कॅसेट (फोटो उमटतो ती पाटी) मोडक्या बाजूला कमरेशी उभी लावली, मशीनचं डोकं आडवं फिरवलं आणि किरण मांडीखालून घेतला. आणि मग अहिराणीत, "माय, हालू नको, दम रोकी ठेव... हां, आते सोड." सासूबाई एवढ्या दुखण्यात तिला विचारतायत, तू कोनी आंडेर शे वं, म्हणजे कुणाची मुलगी गं तू. दोन्ही फोटो पहिल्याच वेळी नीट आले. रिपोर्ट डॉक्टरांनी दिला, ऑपरेशन डॉक्टरांनी केलं, पण त्या रात्री म्हातारीचा त्रास कुणी वाचवला तर त्या मुलीने.

हे काम असं आहे. हायवेवर मोटरसायकल गेलेला पोरगा रात्री दोनला येतो, दारूचा वास, रक्त, सोबत पंधरा माणसं ओरडतायत, त्यात मानेला धक्का न लावता फोटो काढायचा. सीटीला शिरेतून औषध द्यायच्या आधी किडनीचा रिपोर्ट बघितला का, आधी कधी ॲलर्जी आली का, हे विचारायचं. एमआरआयला बायांना जोडवी, मंगळसूत्र काढायला सांगायचं आणि म्हाताऱ्या बाया मंगळसूत्र काढत नाहीत, तिथे वाद न घालता अर्धा तास समजावायचं, कारण एमआरआयचं मशीन म्हणजे मोठं चुंबक, आणि ते फोटो चालू नसला तरी चालूच असतं. मुंबईत २०१८ मध्ये ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला एक नातेवाईक सिलिंडरसकट मशीनकडे ओढला गेला आणि जिवानिशी गेला. तेव्हा बटण हा शेवटचा एक सेकंद असतो.

हे तुमच्या मुलीला आवडेल का? मला माहीत नाही. तिला रक्त बघवतं का, अनोळखी माणसाच्या अंगाला हात लावायला संकोच वाटतो का, रात्रपाळी झेपेल का, भौमितिक आकृत्या, कोन वगैरे डोळ्यासमोर येतात का (पोझिशनिंगमध्ये, म्हणजे पेशंटला फोटोसाठी नीट कोनात ठेवण्यात, हेच लागतं), यातलं काहीच तुमच्या पत्रात नाही. कदाचित तिला बँकेत जायचं असेल. कदाचित बीएस्सी ॲग्री करून तुमच्याच केळीत काहीतरी करायचं असेल, ते तुम्ही ऐकून घ्याल का ते सांगा.

तर आता करायचं काय. आधी पंधरा दिवस तिला कुणी काही विचारू नका, तिला झोपू द्या, मामाकडे जायचं असेल तर जाऊ द्या. टाइमटेबल नाही, मार्क नाही, शेजारच्या पाटलांचा मुलगा नाही. झोप लागत नाही, जेवत नाही, नुसती बसून राहते असं काही दिसलं तर माझ्याकडे नाही, सिव्हिलला मानसोपचाराच्या ओपीडीत घेऊन जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग एका सोमवारी सकाळी नऊला तिला घेऊन सिव्हिलला या, सोमवारी गर्दी असते म्हणून सोमवार. एक्सरेच्या बाहेर बाकडी आहेत तिथे दोन तास बसू द्या. आत जायची गरज नाही, दार उघडं-बंद होताना, आतून हाका मारतात त्यावरून बरंच कळतं. जमलं तर तिथल्या टेक्नॉलॉजिस्टला जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं मागा, आमची मुलगी चार प्रश्न विचारेल म्हणा. तुम्ही तेव्हा बाहेर चहाला जा. खरंच जा, तुम्ही शेजारी असलात तर ती विचारणार नाही.

येताना गाडीत लगेच "मग काय ठरलं" करू नका. ती बोलली तर ऐका, नाही बोलली तर रेडिओ लावा. आठ दिवसांनी तिला मला पत्र लिहायला सांगा, तिने, तिच्या नावाने. रेडिओलॉजी म्हणाली तर कॉलेजांच्या यादीपासून पुढचं सगळं मी बघते. दुसरं काही म्हणाली तर तेही बघते. गाळा तोपर्यंत भाड्याने देऊन टाका.

आणि ते वहीचं पान पाकिटात परत पाठवतेय. झेरॉक्स काढलेली नाही. तिच्या हातात द्या, ते तिचं आहे.