बर्स्टचा अंदाज शेड्यूलरला कसा जोडायचा?

प्रश्न : प्रोसेस सीपीयूवर सलग किती वेळ चालेल याचा अंदाज सांगणारे न्यूरल नेटवर्क आम्ही शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी पायथनमध्ये केले आहे. अचूकता ९७ टक्के येते. ते लिनक्सच्या शेड्यूलरला, म्हणजे सीपीयू कोणत्या प्रोसेसला द्यायचा हे ठरवणाऱ्या भागाला, कसे जोडावे?

उत्तर : आधी ते ९७ टक्के तपासा. बहुतेक बर्स्ट, म्हणजे सीपीयूवर सलग चालण्याचे काळ, छोटेच असतात, त्यामुळे डोळे मिटून ‘छोटा’ म्हणणाऱ्या मॉडेललाही भरपूर गुण मिळतात. खरी गफलत मात्र डेटात होते. लिनक्सची ‘पर्फ स्केड रेकॉर्ड’ ही आज्ञा प्रत्येक स्विचची, म्हणजे सीपीयूवरची प्रोसेस बदलण्याची, नोंद देते, पण प्रोसेस सीपीयूवरून उतरली म्हणजे तिचा बर्स्ट संपला असे नाही. उतरतानाची स्थिती ‘एस’ किंवा ‘डी’ असेल तर ती स्वतःहून थांबली. ‘आर’ असेल तर तिला मध्येच उतरवले. असे तुकडे पुढच्या ‘एस’ किंवा ‘डी’पर्यंत जोडून एकच बर्स्ट धरायचा. नाहीतर मॉडेल प्रोसेसचा स्वभाव शिकतच नाही, चालू शेड्यूलरचा टाइम स्लाइस (एका वेळी दिलेला सीपीयूचा वाटा) तेवढा पाठ करते. नोंदी पिसून वाटू नका. आधीच्या काळावर शिकवा, नंतरच्या काळावर तपासा.

मग साध्या घातांकी सरासरीशी तुलना करा. ताजा बर्स्ट आणि जुना अंदाज यांना निम्मे-निम्मे वजन दिले, तर अंदाज ८ मिलिसेकंद आणि प्रत्यक्ष ४ असताना नवा अंदाज ६ येतो. मध्येच ४० चा बर्स्ट आला की तो २३ वर उडतो. पुढचे चार बर्स्ट ४ चेच असले तरी तो ५ च्या खाली येत नाही. मॉडेलने इथे सरासरीला हरवले नाही, तर ते कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नेण्यात अर्थ नाही.

हरवले, तर ६.१२ किंवा त्यापुढचे कर्नल घ्या. त्यात स्केड-एक्स्ट आहे : शेड्यूलर ईबीपीएफमध्ये (कर्नलच्या आत चालणाऱ्या छोट्या, तपासलेल्या प्रोग्रॅमच्या रूपात) लिहून चालू यंत्रावर चढवता येतो. दर निर्णयाला पायथनला विचारायला जाऊ नका. निर्णय मायक्रोसेकंदांत लागतो, विचारून येण्यातच त्याहून जास्त वेळ जाईल. शिकवणे बाहेर ठेवा, आत फक्त चार-पाच पातळ्यांचा डिसिजन ट्री (हो-नाही प्रश्नांची उतरंड) न्या. ईबीपीएफमध्ये दशांश गणित नाही, म्हणून सगळे आकडे मायक्रोसेकंदांत, पूर्णांकी ठेवा. ट्री मॅपमध्ये (कर्नल आणि बाहेरचा प्रोग्रॅम दोघांनाही दिसणाऱ्या तक्त्यात) साठवला की नवा ट्री बाहेरून बदलता येतो. लूपला ठरावीक मर्यादा हवी, नाहीतर चढवण्याआधी तपासणारा व्हेरिफायर प्रोग्रॅम नाकारतो. इनपुट म्हणून शेवटचे तीन बर्स्ट, आधीच्या झोपेचा काळ आणि नाइस मूल्य (प्रोसेसचे प्राधान्य सांगणारा आकडा) एवढ्यावर सुरुवात करा.

‘छोटा अंदाज आधी’ हा नियम सरसकट लावू नका, लांब कामे उपाशी राहतात. अंदाजाने प्रोसेसचा आभासी काळ (तिची पाळी ठरवणारा, वापरलेल्या सीपीयूचा हिशेब) थोडा मागेपुढे सरकवा आणि त्या सरकण्याला कमाल मर्यादा घाला. तयार प्रोसेसला ३० सेकंद सीपीयू मिळाला नाही, तर वॉचडॉग, म्हणजे कर्नलमधला पहारेकरी, तुमचा शेड्यूलर काढून मूळचा परत आणतो. हाताने काढायचा तर कीबोर्डवरची सिसरिक्यू कळ आणि कॅपिटल एस.

मोजताना नुसती सरासरी पाहू नका. एकीकडे कर्नल कंपाइल चालू ठेवा, दुसरीकडे schbench हे मोजमापाचे साधन लावून जागे होण्याच्या विलंबाचा ९९ वा शततमक (१०० पैकी ९९ वेळा विलंब ज्याच्या आत राहतो तो आकडा) घ्या. मूळ शेड्यूलर आणि तुमचा आळीपाळीने, प्रत्येकी दहा वेळा चालवा. दोन्हीकडे सीपीयूची वारंवारता स्थिर ठेवा. ती बदलत राहिली तर दिसणारा फरक शेड्यूलरचा की घड्याळाचा, ते कळणार नाही.